सोलापूरच्या माळावर कुत्र्यासोबत सहकुटुंब भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की हुरड्याचे बेत ठरतात आणि त्याच दिवसांत एक विचारणा हमखास वाढते: या वेळी घरचं कुत्रंही न्यायचंय, कुठे नेऊ आणि काय काळजी घेऊ? नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आमचा कुत्रा नेता येईल का?

नाही. साखळीला बांधलेला असला तरी नाही, गाडीत बसवून ठेवणार असलात तरी नाही. हे १९७९ साली घोषित झालेलं अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आत जायला माणसालाही परवानगी लागते. येडशीचं रामलिंग आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी हीसुद्धा अभयारण्यंच आहेत, त्यामुळे तिथेही कुत्रा नेता येत नाही. घरात कुणाला माळावरचे पक्षी आणि काळवीट बघायचे असतील तर तो दिवस वेगळा ठेवा आणि त्या दिवशी कुत्र्याला घरी कुणाजवळ तरी सोडून जा. दोन्ही एकाच फेरीत उरकायला गेलं की काय होतं ते प्रश्न २२ मध्ये आहे.

२. आमचा कुत्रा अगदी शांत आहे, भुंकतसुद्धा नाही. मग बिघडतं काय?

नुकसान भुंकण्यामुळेच होतं असं नाही. माळरानावरचं बहुतेक जीवन जमिनीलगत चालतं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर घालते ते एकच अंडं. धाविक, चंडोल, टिटवी यांची घरटीही जमिनीवरच असतात. काळविटाची मादी पाडसाला गवतात दडवून लांब चरायला जाते आणि पाडस हलत नाही, कारण न हलणं हाच त्याचा बचाव असतो. लांडग्याच्या नजरेला ते पाडस चुकवू शकतं, पण दोन हातांवरून जाणाऱ्या कुत्र्याच्या नाकाला नाही.

दुसरं कारण रोगांचं. डिस्टेंपर, पार्व्हो आणि रेबीज हे कुत्र्यांचे रोग लांडगा आणि खोकडालाही होतात. लस घेतलेला कुत्रा स्वतः सुरक्षित असतो, पण गोचिडी आणि जंत तो इकडून तिकडे नेतोच.

आणि तिसरं: कुत्रा निघून गेला तरी त्याचा वास मागे राहतो. जिथे मुतून खूण केली, ती जागा तिथल्या प्राण्याला शत्रूच्या वावराची वाटते.

माळढोक देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि नान्नजला तो दिसणं आता दुर्मीळ झालं आहे. अशा ठिकाणी एका घरट्याचा धोकासुद्धा पत्करण्यासारखा नाही, असं आमचं ठाम मत आहे.

३. अभयारण्याची हद्द कळायची कशी? मधूनच शेतं आणि गावं लागतात.

हा गोंधळ खरा आहे. हे अभयारण्य एकसलग नाही. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तालुक्यांत त्याचे तुकडे विखुरलेले आहेत, आणि दोन तुकड्यांच्या मधे ज्वारीची रानं आहेत. ढोबळ खुणा अशा: वनविभागाचा फलक, तारेचं किंवा चराचं कुंपण, दगडी हद्दखांब, निरीक्षण मनोरा, आणि आजूबाजूला सगळं नांगरलेलं असताना मधेच राखलेलं उंच गवत. यातलं काहीही दिसलं तर कुत्र्यासह आत पाऊल टाकू नका. शंका असेल तर जवळच्या वस्तीवर विचारा, गावकऱ्यांना हद्द बिनचूक माहीत असते. अभयारण्यात नसलेल्या वनविभागाच्या कुरणांनाही हाच नियम लावा. काळविटाला नकाशातली रेघ कळत नाही.

४. मग कुत्र्याला घेऊन जायचं तरी कुठे?

आमची पहिली पसंती ओळखीच्या माणसाच्या शेताला आणि तिथून निघणाऱ्या गाडीवाटेला. ज्वारीच्या बांधाने दोन-तीन किलोमीटर जाऊन परत यायचं, विहिरीवर पाणी, झाडाखाली डबा आणि डिसेंबर-जानेवारीत हुरडा. मालकाची परवानगी असते, सावली कुठे आहे ते ठाऊक असतं आणि काही झालं तर गाडी दहा मिनिटांत जवळ आणता येते. लहान मुलं आणि कुत्रा एकत्र असताना याहून चांगली जागा नाही.

दुसरा पर्याय हिप्परग्याचा तलाव, म्हणजे १८७१ साली पूर्ण झालेला एकरुख तलाव. तुळजापूर रस्त्यावर, शहरापासून सात-आठ किलोमीटर. हिवाळ्यात इथे पट्टकादंब, चक्रवाक आणि बदकं उतरतात. त्यामुळे पाण्याच्या कडेने न जाता काठापासून किमान शंभर पावलं आतून, मुरमाच्या वाटेने चाला. सगळा थवा एकदम मान वर करून बघायला लागला की तुम्ही जास्तच जवळ गेलात असं समजा आणि मागे सरका. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असेल तर तिचं घरटं तुमच्या पायांपाशी आहे. आल्या वाटेने परत फिरा, बाजूने वळसा घालू नका. मार्च ते जून हे जास्त घडतं. तलावाच्या भिंतीवर मनाईचा फलक असेल तर तो पाळा.

तिसरा, हत्तरसंग कुडल: भीमा आणि सीनेचा संगम, सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटर. घरच्यांना संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा मराठी शिलालेख बघता येतो. कुत्रा देवळाच्या आवाराबाहेर सावलीत ठेवायचा आणि आळीपाळीने एकाने त्याच्याजवळ थांबायचं. नदीच्या पात्रात मात्र त्याला उतरवू नका. वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत.

५. कोणते महिने बरे, आणि किती वाजता निघावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. उजाडल्यावर चालायला सुरुवात करा, साडेनऊ-दहापर्यंत चालणं संपवा. मग सावलीत मुक्काम आणि पुन्हा चालायचंच असेल तर साडेचारनंतर. अंधार पडायच्या आत गाडीपाशी या (कारण प्रश्न १८ मध्ये).

मार्च ते मे कुत्र्याला माळावर नेऊच नका. मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि मुरमाची जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. शंका आली तर तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसवणार नाही.

पावसाळ्यात अडचण वेगळी. काळी माती पंजात चिकटते, बोटांमधे तिचे गोळे होतात, ते वाळले की दगडासारखे कडक होतात आणि कुत्रा लंगडायला लागतो. पाऊस झाल्यावर दोन दिवस काळ्या रानात जाऊ नका, मुरमाड वाट धरा.

६. किती किलोमीटर चालवावं? आमचं पिल्लू सात महिन्यांचं आहे.

रोज तासभर फिरणाऱ्या निरोगी मोठ्या कुत्र्याला मुलांच्या चालीने पाच ते सात किलोमीटर सहज जमतात. रोज फक्त गल्लीतून फिरून येणाऱ्याला पहिल्यांदा तीनच. अंतर कुत्र्यावरून ठरवा, घरातल्या सर्वात उत्साही माणसावरून नको, कारण कुत्रा थकला तरी मालकामागे चालतच राहतो.

सात महिन्यांच्या पिल्लाची हाडं अजून वाढत असतात. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींना वर्ष-दीड वर्षापर्यंत लांब चाल आणि उड्या नकोत. दीड-दोन किलोमीटर, मधे दोन विश्रांती, बाकी वेळ झाडाखाली खेळ. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग नीट थंड करता येत नाही. त्यांना थंडीतही सकाळी नऊपर्यंतच चालवा.

७. पाणी किती न्यावं?

घरी स्वस्थ असलेल्या कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं. चालण्याच्या दिवशी त्याच्या दुप्पट धरा. २० किलोच्या कुत्र्याला दोन लिटर. त्याशिवाय पाच लिटरचा एक कॅन गाडीत वेगळा, अंगावर ओतण्यासाठी (प्रश्न १५). दर वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. एकदम भांडंभर पाजून लगेच पळवलं तर उलटी होते. शेतातल्या टाकीतलं किंवा हौदातलं पाणी फवारणीसाठी वापरलेलं असू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय पाजू नका.

८. पट्टा, साखळी की हार्नेस?

छातीवर बसणारा हार्नेस आणि दोन ते अडीच मीटरची जाड सुती किंवा नायलॉनची दोरी. बटण दाबून लांब होणारी दोरी माळावर कामाची नाही. ती बाभळीत अडकते, आणि कुत्र्याने झेप घेतली की बारीक दोरीने हात कापतो.

मुधोळ, कारवान किंवा पश्मी असेल तर हे उत्तर दोनदा वाचा. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की सरळ निसटतो. ही जात नजरेने शिकार करणारी. ससा उठला की ती पाठलागाला सुटते आणि त्या क्षणी तुमची हाक तिच्या कानात शिरतच नाही. यात शिस्तीचा दोष नाही, पिढ्यान्पिढ्या याच कामासाठी ती जोपासली गेली आहे. त्यांना ओढलं की आवळणारा रुंद पट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला आणि दोरी दोन्हींना जोडा. उघड्या माळावर यांना मोकळं सोडायचंच नाही.

९. कोणत्या लसी झालेल्या हव्यात?

रेबीजची लस चालू वर्षाची, आणि डिस्टेंपर, पार्व्हो व लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्रित लसही. जंताचं औषध गेल्या तीन महिन्यांत दिलेलं हवं. लस टोचून दोन आठवडे तरी होऊ द्या, कारण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. उद्या जायचंय म्हणून आज टोचून घेतलेली लस उद्या उपयोगी पडत नाही. लसीच्या पुस्तिकेचा फोटो फोनमध्ये ठेवा.

१०. पिशवीत काय काय असावं?

बारीक टोकाचा चिमटा, बोथट टोकाची कात्री, दाट दातांची फणी, जखम धुवायला सलाईनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, गॉज आणि स्वतःलाच चिकटणारी क्रेप पट्टी. जुना सुती पंचा. एक मजबूत चादर, कुत्र्याला झोळीत उचलून आणण्यासाठी. २५ किलोचा कुत्रा हातांवर घेऊन अर्धा किलोमीटर चालून बघा, चादर का लागते ते कळेल. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला.

माणसांच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनने कुत्रे दगावतात.

११. डब्यातलं काय चालतं, काय नाही?

कडक भाकरी नुसती चालते. शेंगाचटणी अजिबात नाही. तिच्यातला लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, वर तिखट आणि मीठ आहेच. कांदाही त्याच कारणाने नको.

आपल्याकडे जास्त जपायचं ते द्राक्षांना आणि बेदाण्याला. दोन्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालतात आणि किती खाल्लं तर बाधेल याचा भरवसा नाही, एखाद्याला मूठभरही पुरे होतात. द्राक्षबागेच्या कडेला गळालेले घड पडलेले असतात, तिथून जाताना दोरी आखूड धरा. खाल्लेच तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा. पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवून विष काढता येतं. चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगगमही मुलांच्या खिशात राहू देऊ नका.

हुरडा मीठ-मसाल्याशिवाय चमचाभर चालेल. पण लक्ष आगटीवर ठेवा. हुरडा भाजून झाल्यावर वरची राख पांढरी पडते, विझल्यासारखी दिसते आणि आत गोवऱ्यांचा निखारा तास-दोन तास धगधगत असतो. गळालेले दाणे शोधायला कुत्रं थेट तिथेच पाय घालतं. उठायच्या आधी आगटीवर पाणी ओता. पंजा भाजलाच तर दहा-पंधरा मिनिटं गार पाण्याची धार धरा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका.

१२. गवतातून आल्यापासून कुत्रा सारखा पंजा चाटतोय. काय झालं असेल?

बहुतेक कुसळ. माळरानातलं सर्वात कमी लेखलं जाणारं संकट हेच आहे.

ऑक्टोबरनंतर कुसळी गवत वाळतं आणि त्याचं बी सुटतं. एक कुसळ हातात घेऊन बघा. पुढे सुईसारखं टोक, त्यामागे उलट्या दिशेने वळलेले बारीक ताठ केस आणि मागे पीळ पडलेली लांब काळपट शेपटी. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी स्क्रूसारखं आत जातं. जमिनीत रुजण्यासाठीची ही सोय कुत्र्याच्या कातडीतही तशीच चालते. मागे वळलेल्या केसांमुळे ते पुढेच सरकतं, आपोआप बाहेर येत नाही.

बघायच्या जागा ठरलेल्या: बोटांच्या बेचक्या, कानाचं भोक, काख, जांघ, डोळ्याच्या पापणीखाली. चालताना दर अर्ध्या तासाने पंजे बघा. वर दिसणारं कुसळ चिमट्याने टोकाच्या शक्य तितक्या जवळ धरून, शिरलं त्याच दिशेने मागे सरळ ओढा. शेपटी धरून ओढलं की ती तुटते आणि टोक आत राहतं. पुढच्या काही दिवसांत बेचकीत मऊ गाठ आली, तिच्यातून पाणी यायला लागलं, तर कुसळ आत आहे. ते डॉक्टरांनीच काढायचं. नुसत्या मलमाने आणि प्रतिजैविकाने गाठ बसते आणि पुन्हा येते. कुत्रा एकाएकी डोकं एका बाजूला कलवून झटकायला लागला तर कानात गेलंय. कानात तेल किंवा चिमटा घालू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

केसाळ कुत्र्यांच्या बोटांमधले आणि कानाखालचे केस निघण्यापूर्वी कापले तर अर्धा त्रास वाचतो. सराटे आणि वेडी बाभूळ यांचे काटे त्यामानाने सोपे: दिसतात, टोचतात, कुत्रा लगेच पाय उचलतो.

१३. गोचिडी लागू नयेत म्हणून काय करावं?

मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी द्या. थेंब टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालू नका. मेंढरं बसलेली जागा टाळा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. रॉकेल टाकणं, काडीने चटका देणं यामुळे ती आतलं सगळं जखमेत ओकते, आणि त्यातून गोचीडतापाचे जंतू जाऊ शकतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या असं दिसलं तर रक्त तपासून घ्या आणि माळावर गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

१४. तलावात पोहू द्यावं का?

शक्यतो नाही. साठलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, काठाला मासेमारीची जाळी असतात आणि पक्ष्यांना त्रास होतो तो वेगळाच. पाण्यावर हिरवा, रंग सांडल्यासारखा तवंग असेल तर पंजासुद्धा बुडवू देऊ नका. त्यातल्या शेवाळाचं विष काही तासांत यकृत निकामी करू शकतं. चुकून गेलाच तर स्वच्छ पाण्याने धुवून काढा, स्वतःला चाटू देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा.

१५. ऊन लागल्याचं कसं ओळखायचं आणि काय करायचं?

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या पुढे गेलं की जीव धोक्यात येतो. पहिली खूण जीभ: रुंद, लोंबती, टोकाला चमच्यासारखी वळलेली. मग घट्ट चिकट लाळ, हिरड्या गडद लाल, झोकांड्या, उलटी. पहिल्या खुणेलाच थांबा.

सावलीत घ्या. गाडीतल्या कॅनचं पाणी सगळ्या अंगावर ओता, विशेषतः पोट, जांघा आणि पंजे. एकाने ओतायचं, दुसऱ्याने वारा घालायचा. गार होतं ते पाणी आणि वारा मिळून. साधं पाणी पुरतं, बर्फाची वाट बघत बसू नका. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याच्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तरच घोट घोट पाणी पाजा. आधी गार करायचं, मग गाडी चालू करायची. एसी लावून, ओल्या अंगाने न्या. तासाभरात तरतरीत दिसला तरी डॉक्टरांकडे जाच. मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान पुढच्या एक-दोन दिवसांत वर येतं.

१६. साप चावला तर?

या भागात नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार चारही आहेत. कुत्र्याला साप बहुतेकदा नाकावर किंवा पुढच्या पायाला चावतो. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. त्याला चालवू नका, चादरीच्या झोळीत घ्या. सूज वाढेल म्हणून पट्टा आणि हार्नेस काढा. निघतानाच डॉक्टरांना फोन करून सर्पविषावरची लस शिल्लक आहे का विचारा; सगळ्या दवाखान्यांत ती नसते. हा फोन सहलीच्या आदल्या दिवशी केलेला बरा. साप मारायला किंवा फोटो काढायला मागे थांबू नका. माणसाला चावला तर १०८ ला फोन आणि थेट सिव्हिल.

१७. वाटेत मेंढरांचा कळप आणि धनगराची कुत्री आडवी आली तर?

ती कुत्री आपलं काम करत असतात, वाट त्यांची आहे. लांबूनच थांबा. कुत्र्याला आखूड धरून स्वतःच्या मागे घ्या, मुलांना मधे उभं करा आणि हाक द्या: "मामा, आमच्याकडं कुत्रं हाय, बांधलंय! कुठनं जाऊ?" मेंढपाळ आपली कुत्री बोलावतो आणि वाटही सांगतो. पळू नका, दगड भिरकावू नका. गाभण मेंढ्या पळवल्या गेल्या तर गाभडतात, हे नुकसान खरंखुरं आणि मोठं असतं.

चावाचावी झालीच तर हात मधे घालू नका, अंगावर पाणी फेका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. तुमच्या कुत्र्याला लस असली तरी रेबीजचा बूस्टर लगेच द्यावा लागतो. माणसाला ओरखडा जरी आला तरी त्याच दिवशी लस सुरू करा.

१८. लांडगा किंवा बिबट्या दिसला तर?

लांडगा माणूस बघून बहुतेक वेळा स्वतःच वाट बदलतो. कुत्र्याकडे मात्र तो प्रतिस्पर्धी म्हणून बघतो. हिवाळ्यात पिल्लं असतात तेव्हा तो मागोमाग येऊन तुम्हाला हद्दीबाहेर घालवून देऊ शकतो. मुलांना जवळ घ्या, कुत्रा आखूड, तोंड लांडग्याकडे ठेवून मागे सरका. ओढ्याकाठी बीळ आणि ताजी हाडं दिसली तर तिथे रेंगाळू नका आणि जागा कुणाला सांगत फिरू नका.

उसाच्या पट्ट्यात, विशेषतः करमाळ्याकडे, बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा त्याचं आवडतं भक्ष्य. म्हणून उसाच्या कडेने पहाटे किंवा तिन्हीसांजेला जायचं नाही. अडकलेला किंवा जखमी वन्यप्राणी दिसला तर वनविभागाचा मदत क्रमांक १९२६.

१९. कुत्री माजावर आली आहे. तरी नेली तर चालेल?

नको, साधारण तीन आठवडे थांबा. वस्तीवरची कुत्री मैलावरून मागे लागतात. शिवाय लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो, महाराष्ट्रात तो नोंदवलाही गेला आहे. आधीच थोड्या उरलेल्या लांडग्यांच्या वंशात अशी भेसळ झाली की ती परत काढता येत नाही.

२०. कुत्रा सुटला आणि काळविटामागे धावला. आता?

मागे धावू नका, तुम्हीही शिकारीत सामील झालात असं त्याला वाटतं. आधी जागेवर थांबा, मग त्याच्या उलट दिशेने चालत ओळखीचा शब्द एकदाच मोठ्याने द्या. खाऊच्या डब्याचा आवाज करा. बाकीच्यांनी गाडीपाशी जावं. दमलेला कुत्रा बहुधा सुटला त्या जागी परत येतो, म्हणून तिथे तुमचा वापरलेला पंचा टाकून एकजण तासभर तरी बसून राहा.

कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्याचा पाठलाग करणं आणि हाकणंही येतं, आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. कुत्र्याने प्राणी जखमी केला असेल तर लपवू नका, १९२६ ला कळवा.

२१. दोरी मुलाच्या हातात दिली तर चालते का?

मोठ्या माणसाच्या हातात मुख्य दोरी आणि मुलाच्या हातात दुसरी, जोडीची. दहा वर्षांच्या मुलाचं वजन आणि लॅब्रॉडॉरचं वजन जवळपास सारखंच असतं. दोरी कुणाच्याही मनगटाला गुंडाळायची नाही.

२२. आम्ही नान्नज बघून येईपर्यंत कुत्रा गाडीत ठेवला तर? काच थोडी उघडी ठेवू.

नाही. बाहेर २५ अंश असतानाही उन्हातल्या गाडीत अर्ध्या तासात ४० च्या वर जातं. बोटभर उघड्या काचेने त्यात फारसा फरक पडत नाही. प्रश्न १५ मधलं संकट अशा गाडीतही येतं.

२३. रानातच आहोत, मग विष्ठा उचलायची कशाला?

शेण खत होतं, कुत्र्याची विष्ठा होत नाही. तिच्यातल्या जंतांची अंडी चाऱ्यावाटे मेंढ्यांच्या पोटात जातात आणि त्यांच्या यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. माणसालाही होऊ शकतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पिशवीत घेऊन घरी आणा आणि घरच्या कचऱ्यात टाका.

२४. घरी आल्यावर पहिल्यांदा काय?

अंघोळीच्या आधी फणी. ओल्या केसांत कुसळ दिसत नाही आणि ओल लागली की आत शिरायला लागतं. कोरड्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे फणी फिरवा, मग बोटांनी चाचपडत कान, काखा, जांघा, शेपटीखाली आणि बेचक्या बघा. त्यानंतर कोमट पाण्याने पंजे आणि पोट धुवा, बोटांच्या मधलं पाणी टिपून घ्या. जेवण तासाभराने, नेहमीपेक्षा थोडं कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत असेल तर आधी पंजाच बघा, स्नायू नंतर.